माती, फीत आणि आरसा : कमावलेले शरीर आणि तरुणाची स्वप्रतिमा

मराठीत शरीर 'कमावले' जाते. पैसा कमवावा, नाव कमवावे, तसेच अंगही कमवावे असे आपली भाषा सांगते. परंतु जे कमवायचे त्याची किंमत कोणीतरी ठरवीत असतो. पैशाची किंमत बाजार ठरवितो, नावाची लोक ठरवितात. मग कमावलेल्या शरीराची किंमत कोण ठरवितो? प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण समाजशास्त्राचा विद्यार्थी म्हणून चाकूर परिसरातील माझ्याच वयाच्या मुलांकडे पाहताना मला असे दिसून आले की, शरीर कमावणाऱ्या तरुणाचे घराशी, मित्रांशी आणि स्वतःशी नाते कसे राहील हे त्याच्या दंडाच्या घेरापेक्षा या प्रश्नाच्या उत्तरावर अधिक अवलंबून असते.

प्रस्तुत लेखात मी तीन ठिकाणांचा विचार करणार आहे : तालीम, भरतीच्या सरावाचे मैदान आणि जिम. तिन्ही ठिकाणी गळणारा घाम सारखाच; परीक्षक मात्र वेगवेगळा. तालमीत माती परीक्षा घेते, मैदानावर फीत आणि घड्याळ, तर जिममध्ये आरसा.

विचाराची चौकट

चार्ल्स हॉर्टन कूली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९०२ साली 'आरशातील स्व' ही कल्पना मांडली. ती आपल्यापैकी अनेकांनी अभ्यासक्रमात वाचली आहे. कूलीच्या मते 'मी कोण' ही जाणीव माणसाला एकट्याने होत नाही. मी इतरांना कसा दिसतो याची आपण प्रथम कल्पना करतो. मग ते माझ्याविषयी काय मत बनवीत असतील याची कल्पना करतो. आणि त्यातून अभिमान किंवा शरम निर्माण होते. म्हणजे समाज हाच आपला आरसा. येथे 'कल्पना' हा शब्द महत्त्वाचा आहे. लोक खरोखर काय म्हणतात यापेक्षा ते काय म्हणत असतील असे आपल्याला वाटते, त्यावर स्वप्रतिमा उभी राहते. ही कल्पना खरी की खोटी, हे तपासून पाहण्याची सोय जेथे असते तेथे माणूस जमिनीवर राहतो. जेथे ती सोय नसते तेथे तो भरकटू शकतो. हीच कसोटी आपण तिन्ही ठिकाणांना लावून पाहू या.

मातीची परीक्षा

आपल्या भागात कुस्तीची परंपरा जुनी आहे. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवे, उंट यांच्या बाजाराइतकीच कुस्त्यांच्या दंगलीचीही ख्याती आहे. महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा १९६१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे मराठवाड्यातच झाली व दिनकर दह्यारी पहिले विजेते ठरले. पुढे १९६९ मध्ये लातूर जिल्ह्यातील हरिश्चंद्र बिराजदार यांनी हा किताब मिळविला आणि १९७० च्या एडिंबरो येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक आणले.

तालमीतल्या पोराला स्वतःचे अंग कसे दिसते? खरे तर ते त्याला 'दिसत' नाही, कळते. जोर-बैठका मारून छाती किती भरली, हे त्याला जोडीदाराची पकड सांगते. काल जो डाव सुटत नव्हता तो आज सुटला, हेच त्याचे मोजमाप. अंग नुसतेच फुगले आणि दम वाढला नाही, तर दुसऱ्या मिनिटाला पाठीला माती लागते आणि भ्रम तेथेच संपतो. वस्ताद समोर उभा असतो. तो कौतुकही करतो आणि कानही पिळतो. जोसेफ ऑल्टर या अभ्यासकाने बनारसच्या आखाड्यांत स्वतः राहून, माती अंगाला लावून अभ्यास केला आणि १९९२ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पैलवान शरीराचे दंड, छाती, पोटऱ्या असे सुटे सुटे भाग करून पाहत नाही. आहार, झोप, संयम, गुरुसेवा हे सारे मिळून त्याचे 'शरीर' होते, असे त्यांनी दाखवून दिले आहे.

तालमीचे आणखी एक वैशिष्ट्य मला महत्त्वाचे वाटते. अंग उतरल्यावरही पैलवानाला तेथे जागा असते. बिराजदारांचेच पाहा. स्वतःच्या कुस्त्या थांबल्यावर त्यांनी पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत नवे मल्ल घडविले आणि २०११ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा लोकांनी जुन्या पैलवानाइतकाच एका वस्तादाला निरोप दिला. तरुण शरीराला आव्हान देणारा, मग उतारवयात शिकविणारा असा एक रस्ता तालमीने आखून ठेवलेला आहे.

अर्थात तालमीचे नुसते गोडवे गाणे योग्य नाही. दूध, तूप, बदाम यांचा खुराक गरीब शेतमजुराच्या मुलाला कधीच परवडला नाही. पैलवानांचा उपयोग धाक बसविण्यासाठी करणारे पुढारी गावोगाव होऊन गेले. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, मुलींना या मातीत फार काळ पायच ठेवू दिला गेला नाही. महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू व्हायला २०२३ साल उजाडले. सांगलीची प्रतीक्षा बागडी पहिली मानकरी ठरली. पुरुषांची पहिली स्पर्धा आणि ही स्पर्धा यांत बासष्ट वर्षांचे अंतर आहे.

फितीची परीक्षा

पहाटे पाचच्या सुमारास लातूर-नांदेड रस्त्याला लागावे. काळोखात पावलांचे आवाज येतात. ही पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारी मुले-मुली. चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र असल्याने वर्दीतले जवान येथील मुलांनी लहानपणापासून पाहिलेले आहेत. 'असे व्हायचे' म्हणून बोट दाखवायला समोर खरा माणूस आहे.

येथे शरीराचा भाव शासनाने ठरवून दिला आहे. महाराष्ट्र पोलीस शिपाई पदासाठी पुरुष उमेदवाराची उंची १६५ सेंटिमीटर हवी. छाती न फुगविता ७९ सेंटिमीटर आणि फुगविल्यावर त्याहून पाच सेंटिमीटर अधिक. मैदानी चाचणी पन्नास गुणांची : १६०० मीटर धावण्यास वीस, १०० मीटरला पंधरा आणि ७.२६० किलोच्या गोळाफेकीला पंधरा. महिलांसाठी उंची १५५ सेंटिमीटर व लांब धाव ८०० मीटरची. छाती फुगवूनही फीत एक सेंटिमीटर कमी भरली, तर घरी परत.

ज्या घरात दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन, तीत सोयाबीन आणि तूर, आणि पाऊस रुसला की तेही नाही, त्या घरातील मुलाजवळ भांडवल म्हणून दुसरे काय असते? लोइक वाकां या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने शिकागोच्या गरीब वस्तीतील मुष्टियोद्ध्यांमध्ये राहून 'शारीरिक भांडवल' ही कल्पना वापरली, ती मला येथे तंतोतंत लागू पडते असे वाटते. वाटणीत न येणारे, सावकाराकडे गहाण न पडणारे आणि स्वतःच्या कष्टाने वाढणारे असे हे भांडवल आहे.

या मैदानाचे सामाजिक परिणाम बहुतांशी चांगले दिसतात. तंबाखू आणि गुटखा सुटतो, कारण दम लागतो. निरनिराळ्या गल्ल्यांतील व जातींतील मुले एकाच घड्याळाकडे पाहत एकत्र धावतात. मुलींच्या बाबतीत तर हा बदल अधिकच मोठा आहे. पूर्वी ज्या मुलीने मान खाली घालून रस्त्याने जायचे, तीच आता ट्रॅकपँट घालून पहाटे रस्त्यावर धावते आणि घरची माणसे तिला उठविण्यासाठी गजर लावतात. 'मुलीसारखी मुलगी आणि पळते काय' असे म्हणणारी तोंडे नोकरीची ऑर्डर आल्यावर बंद होतात. आपले शरीर लोकांनी पाहण्यासाठी नसून काही करून दाखविण्यासाठी आहे, ही जाणीव तिला होते. स्वप्रतिमेच्या दृष्टीने याचे मोल फार आहे.

परंतु फितीच्या परीक्षेला वयाची मर्यादा असते. खुल्या प्रवर्गाला अठ्ठावीस आणि मागासवर्गीयांना तेहतीस वर्षे उलटली की हे सगळे कमावलेले अंग एका दिवसात बिनकामाचे होते. पाच-सहा वर्षे धावून, दोन-चार गुणांनी मागे पडून घरी बसलेली मुले आपल्या प्रत्येकाच्या ओळखीची आहेत. 'भरती करतो' हीच ज्याची ओळख होती, त्याला आता 'काय करतोस?' या प्रश्नाला उत्तर उरत नाही. तालमीत वस्तादाची जागा तरी असते; येथे तीही नाही.

आरशाची परीक्षा

आता तिसरे ठिकाण. तालुक्याच्या गावांतही आता जिम आल्या आहेत. महिन्याची फी भरली की जात, घराणे, वस्तादाची ओळख काही लागत नाही. हे त्यांचे मोठेच गुण आहेत. पण आत शिरताच लक्षात येते की, भिंतीभर आरसे आहेत. आरशात पाहून हालचाल नीट होते आहे ना हे तपासावे, हा त्याचा मूळ उपयोग. प्रत्यक्षात मात्र आरसाच परीक्षक होऊन बसतो.

शरीर ही केवळ पाहण्याची वस्तू म्हणून मांडण्याची प्रथा फार जुनी नाही. युजेन सँडो या बलदंड पुरुषाने १४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये शरीरसौष्ठवाची पहिली मोठी स्पर्धा भरविली. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल हे तिचे एक परीक्षक होते. सँडोची छायाचित्रे आणि पुस्तके जगभर गेली. तो हिंदुस्थानातही येऊन गेला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनीही आरंभी सुमारे दहा वर्षे सँडोच्या पद्धतीने व्यायाम केला. पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि मग त्यांनी आयुष्यभर त्याचाच प्रचार केला.

याचा अर्थ शरीरसौष्ठव हा खेळच वाईट, असा कोणी घेऊ नये. बंगालचे मनोहर आइच १९५२ मध्ये आपल्या उंचीच्या गटात 'मिस्टर युनिव्हर्स' झाले, तेव्हा त्यांची उंची होती जेमतेम चार फूट अकरा इंच. त्यांनी वयाची शंभरी ओलांडली आणि २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले. कोल्हापूरच्या सुहास खामकर यांनी २०१० मध्ये 'मिस्टर एशिया' किताब मिळविला. स्पर्धेत उतरणाऱ्यांना निदान नियम असतात, परीक्षक असतात, निकाल लागतो. प्रश्न आहे तो स्पर्धेत कधीही न उतरणाऱ्या, पण स्पर्धकासारखे दिसू पाहणाऱ्या हजारो तरुणांचा.

या तरुणाच्या हातात मोबाइल असतो आणि त्यावर रोज नवे पिळदार देह येतात. ते छायाचित्र कसे निघते हे मात्र त्याला ठाऊक नसते. स्पर्धेच्या आधी शरीरसौष्ठवपटू अनेक आठवडे खाणे तोडतात. त्यांतले कित्येक जण शेवटच्या दिवसांत पाणीही कमी करतात, जेणेकरून कातडीखालची प्रत्येक रेघ उठून दिसावी. म्हणजे तो देह ज्या क्षणी सर्वांत बलवान दिसतो, त्या क्षणी पुष्कळदा तो थकलेला असतो. ते रूप काही तासांचे. आपला तरुण आपल्या रोजच्या अंगाची तुलना त्या काही तासांशी करतो आणि रोज हरतो.

माझ्या ओळखीचा एक मुलगा आहे. तीन वर्षे नेमाने व्यायाम करून त्याने चांगले अंग मिळविले आहे. शिंप्याला त्याच्या सदऱ्याच्या बाह्या सैल शिवाव्या लागतात. तरीही तो भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचे कपडे घालतो. कारण विचारले तर म्हणाला, "सगळे म्हणतात अंग झालं, पण मला आरशात दिसतच नाही बघा." चुलत बहिणीच्या लग्नाला तो गेला नाही, दोन दिवसांचा व्यायाम बुडेल आणि पंगतीत काय वाढतील याचा नेम नाही म्हणून. घरी वेगळे शिजते, वेगळ्या वेळी तो एकटा जेवतो. त्याची आई एकदा म्हणाली, "लेकरा, माझ्या हातच्या भाकरीत काय कमी पडलं रं?" त्या माऊलीच्या प्रश्नात मला साऱ्या विषयाचे सार दिसते. शरीर वाढत होते आणि माणसे कमी होत होती.

हे एकट्यादुकट्याचे खूळ नव्हे. हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये अमेरिकेतील शरीरसौष्ठवपटूंमध्ये ही अवस्था नोंदविली. उपासमार करूनही स्वतःला लठ्ठ समजणाऱ्या रुग्णांच्या नेमकी उलट अशी ही स्थिती : धडधाकट असूनही स्वतःला हडकुळे समजणे. १९९७ मध्ये तिला 'मसल डिसमॉर्फिया' हे नाव मिळाले आणि २०१३ मध्ये मानसिक विकारांच्या अमेरिकन वर्गीकरणात शरीरप्रतिमेच्या विकाराचा एक प्रकार म्हणून तिची नोंद झाली. पुन्हा पुन्हा आरशात पाहणे, अंग झाकणे, दुखापत असूनही व्यायाम न थांबविणे, समारंभ टाळणे ही तिची लक्षणे आहेत. कूलीच्या भाषेत सांगायचे तर येथे लोकांचा आरसा फुटला आहे. लोक 'छान' म्हणतात ते ऐकू येत नाही. मनात कल्पिलेले परीक्षक तेवढे बोलत राहतात आणि त्यांना चीतपट करण्याची सोय नसते. पोलीस भरतीत ७९ सेंटिमीटर भरले की भरले. आरशापुढे किती भरले म्हणजे पुरे, हे कोणीच लिहून ठेवलेले नाही.

सुई आणि डबा

जेथे 'पुरे' हा शब्द नाही तेथे औषधे शिरतात. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक १९३५ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले. ते व त्याच्या जातीची इतर द्रव्ये म्हणजेच स्टेरॉइड. ती बाहेरून मिळू लागली की शरीर स्वतःचे उत्पादन थांबविते. वृषणे आक्रसतात, शुक्राणू घटतात, काहींना स्तनवाढ होते. यकृत आणि हृदयावर ताण येतो, स्वभाव चिडखोर बनतो. पुरुषार्थ दिसावा म्हणून घेतलेली सुई पुरुषत्वावरच उठते. अलीकडे महाराष्ट्रात मेफेंटरमाइन या इंजेक्शनाच्या बेकायदा विक्रीवर पोलिसांनी कारवाया केल्या आहेत. शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब वर आणण्याचे हे औषध काही मुले दम वाढावा म्हणून घेतात. ते थकवा घालवीत नाही, लपविते. आणि हृदय मात्र खऱ्या थकव्यावर चाबूक खात राहते.

दुसरे खूळ प्रथिनांच्या डब्याचे. हजारो रुपयांचा डबा आणताना घरात भांडणे होतात, उधारी होते. येथे थोडा हिशेब करू. निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दररोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये सांगितले. जड व्यायाम करणाऱ्यासाठी आपण याच्या दुप्पट, म्हणजे १.६ ग्रॅम धरू. साठ किलोच्या मुलाला मग सुमारे ९६ ग्रॅम हवेत. ज्वारीचे पीठ तीनशे ग्रॅम, त्यातून तीस. तुरीची डाळ शंभर ग्रॅम, त्यातून बावीस. सोयाबीन पन्नास ग्रॅम, त्यातून अठरा. शेंगदाणे पन्नास ग्रॅम, त्यातून बारा. दूध अर्धा लिटर, त्यातून सोळा. बेरीज अठ्ठ्याण्णव. सोयाबीन कच्चे न खाता नीट शिजवून वा भाजून खावे, कारण त्यातील पचनास अडथळा आणणारा घटक उष्णतेने निष्प्रभ होतो. आपण आपले सोयाबीन पोत्यांनी आडतीवर घालतो आणि कोणा दुसऱ्याने डब्यात भरलेली प्रथिने विकत आणतो. त्या माऊलीच्या भाकरीत फारसे काही कमी नव्हते. हवे तर वाटीभर वरण वाढवायचे होते.

मग करावे काय?

व्यायाम सोडावा असे मी मुळीच म्हणणार नाही. 'लातूर पॅटर्न'च्या या जिल्ह्यात शिकवण्यांच्या वर्गांत बारा-बारा तास पाठ वाकवून बसणाऱ्या मुलांना तर त्याची अधिक गरज आहे. माझे म्हणणे एवढेच की, ज्या परीक्षेला शेवट आहे, जिचा निकाल दुसरा माणूस सांगू शकतो आणि जिच्यानंतरही आपल्याला काही काम उरते, अशा परीक्षेसाठी शरीर कमवावे.

आपल्या महाविद्यालयाच्या जिमखान्याला यासाठी तीन गोष्टी सहज करता येतील. पहिली : व्यायाम करणाऱ्या प्रत्येकाने वही ठेवावी आणि तीत दंडाचा घेर न लिहिता आज किती वजन उचलले, किती अंतर किती वेळात धावलो, किती तास झोपलो हे लिहावे. स्नायू व्यायामाच्या वेळी नव्हे तर नंतरच्या विश्रांतीत भरून येतात, हे वहीच शिकवील. दुसरी : वयाची मर्यादा ओलांडलेल्या, पण चाचण्यांचा अनुभव असलेल्या माजी विद्यार्थ्यांना नव्या मुला-मुलींच्या सरावासाठी बोलवावे. भरती हुकली तरी त्यांची विद्या वाया जाणार नाही आणि मैदानालाही त्याचे वस्ताद मिळतील. तिसरी : शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापकांनी व स्थानिक डॉक्टरांनी वर्षातून एकदा औषधांविषयी मोकळेपणाने बोलावे, मुले भीतीने नव्हे तर माहितीने सुई नाकारतील.

आणि मित्र म्हणून आपल्या प्रत्येकाला करण्याजोगी एक गोष्ट आहे. कोणी बारीक असला तर त्याला 'काडी' म्हणू नये, आणि कोणी अंग कमावले तर नुसते 'काय बॉडी केलीस' म्हणून थांबू नये. त्याला पाण्याचा ड्रम उचलायला बोलवावे, धावण्याची शर्यत लावावी, आणि संध्याकाळी पंगतीला शेजारी बसवावे. कमावलेले शरीर खर्च करायला जागा मिळाली की ते आरशासमोर उभे राहत नाही.